शेवटच्या अंकाची साक्ष : चुंबकांतील विद्युतधारेचे अंकीय मापन

इतिहासाच्या शिक्षकाने शाळेच्या स्मरणिकेसाठी विद्युतधारेच्या मापनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे मुख्य काम साधनांची चिकित्सा हेच असते. एखादा ताम्रपट, शिलालेख किंवा जुने पत्र समोर आले की तो प्रथम तीन प्रश्न विचारतो. हे कोणी सांगितले? सांगणाऱ्याला ते कसे कळले? दुसऱ्या कोणत्या स्वतंत्र साधनाने त्यास दुजोरा मिळतो? प्रयोगशाळेतील यंत्राच्या पडद्यावर उमटणारा आकडा हेदेखील एक साधनच आहे आणि हे तिन्ही प्रश्न त्यालाही विचारले पाहिजेत.

प्रस्तुत लेखात स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवर, जिनिव्हा शहराजवळ असलेल्या सर्न या संशोधन संस्थेतील दोन महायंत्रांची उदाहरणे घेतली आहेत. एका यंत्रात हिशेबात न बसणाऱ्या अगदी लहान फरकाचा पाठपुरावा केला गेला. दुसऱ्यात तसाच लहान फरक नोंदला गेला, परंतु वेळेत वाचला गेला नाही. या दोन घटनांतून मापनाविषयी जे शिकता येते, ते शालेय प्रयोगशाळेतील विद्यार्थ्यालाही तितकेच उपयोगी आहे.

धारा, चुंबक आणि कणांची वाट

१८२० मध्ये डेन्मार्कमधील हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांना असे आढळले की तारेतून विद्युतधारा वाहू लागली की जवळची चुंबकसुई हलते. विद्युतधारा स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, हा शोध त्यातून लागला. तार गुंडाळून वेटोळे केले व त्यातून धारा सोडली की विद्युतचुंबक तयार होतो. धारा वाढवली की क्षेत्र वाढते, कमी केली की ते कमी होते.

चुंबकीय क्षेत्रातून जाणाऱ्या प्रभारित कणाची वाट वाकते. कणाची ऊर्जा जितकी अधिक, तितके त्याला वाकवण्यासाठी प्रबळ क्षेत्र लागते. कणत्वरक यंत्रात इलेक्ट्रॉन किंवा प्रोटॉन वर्तुळाकार नळीतून फिरत राहावेत म्हणून नळीभोवती शेकडो चुंबके बसवलेली असतात. वर्तुळाचा आकार ठरलेला असल्यामुळे चुंबकांचे क्षेत्र ठाऊक असले की कणांची ऊर्जा काढता येते. क्षेत्र धारेवर अवलंबून असते. म्हणून अशा यंत्रात धारेचे मापन चुकले की ऊर्जेचा आकडा चुकतो आणि त्या ऊर्जेवरून काढलेले सर्व निष्कर्षही चुकतात.

सर्नच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडर या यंत्राचा परीघ सुमारे २७ किलोमीटर आहे. त्यात कणांना वाकवणारी १,२३२ मुख्य चुंबके असून प्रत्येकाची लांबी सुमारे १५ मीटर आहे. त्यांतील तारा अतिवाहक आहेत, म्हणजे अतिशय थंड केल्यावर त्यांचा विद्युतरोध नाहीसा होतो. त्यासाठी द्रवरूप हेलिअमच्या साहाय्याने त्यांचे तापमान उणे २७१ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवले जाते. आराखड्यानुसार पूर्ण क्षमतेला या चुंबकांतून सुमारे ११,८५० अँपिअर धारा वाहते. आपल्या घरात गीझरच्या जाड पिनेच्या सॉकेटवर १६ अँपिअर लिहिलेले असते. त्यावरून या धारेची कल्पना यावी.

ही चुंबके आठ विभागांत वाटली आहेत व प्रत्येक विभागाला स्वतंत्र वीजपुरवठा आहे. प्रोटॉन मात्र एका सेकंदात ११ हजारांहून अधिक वेळा या आठही विभागांतून फिरतो. एका विभागातील धारा इतरांपेक्षा किंचित जरी वेगळी झाली तरी कणांची वाट ढळते. म्हणून आठही ठिकाणच्या धारा दहा लाखांत काही थोडे भाग एवढ्याच फरकाने जुळाव्या लागतात. १२,००० अँपिअरचा दहा लाखावा भाग म्हणजे ०.०१२ अँपिअर. चार्जरवरील छोटासा निर्देशक दिवा साधारण एवढ्याच धारेवर पेटतो. अंतराच्या भाषेत सांगायचे तर ८०० किलोमीटरची वाट मोजताना ८० सेंटिमीटरचा फरक ओळखण्यासारखे हे काम आहे.

एवढी मोठी धारा मोजायची कशी?

दहावीच्या विद्यार्थ्याला ओहमचा नियम ठाऊक असतो. ज्ञात रोधातून धारा सोडायची, त्याच्या दोन टोकांमधील विभवांतर मोजायचे आणि त्यावरून धारा काढायची, ही सरळ रीत. मोठ्या धारेसाठी ती अडचणीची ठरते. समजा रोध अगदी लहान, म्हणजे एका ओहमचा दहा हजारावा भाग घेतला आणि त्यातून १०,००० अँपिअर धारा सोडली. विभवांतर १ व्होल्ट मिळेल, परंतु त्या रोधात १० किलोवॉट उष्णता निर्माण होईल. तो तापेल, तापला की त्याचा रोध बदलेल आणि ज्याच्या आधारे मोजायचे ते मापच अस्थिर होईल.

यावर शोधलेला उपाय तराजूच्या तत्त्वावर चालतो. मोठी धारा वाहणाऱ्या वाहकाभोवती चुंबकीय पदार्थाचे एक कडे बसवतात. त्या कड्यावर बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वाहकातील धारेमुळे कड्यात चुंबकीय प्रवाह निर्माण होतो. बारीक तारेतून उलट दिशेने धारा सोडून तो प्रवाह शून्य केला जातो. वेढे २,००० असतील तर १२,००० अँपिअरला तोलण्यासाठी बारीक तारेत केवळ ६ अँपिअर पुरतात. तराजूचा काटा मध्यावर आला की दोन्ही पारडी सारखी झाली असे आपण समजतो, त्याचप्रमाणे कड्यातील प्रवाह शून्य झाला की मोठी धारा ही लहान धारेच्या नेमकी २,००० पट आहे, हे कळते. वेढ्यांची संख्या उष्णतेने बदलत नाही, हे या रीतीचे मोठे बळ होय.

ही लहान धारा मग एका उत्कृष्ट प्रतीच्या, तापमान स्थिर राखलेल्या रोधातून नेतात आणि तेथे काही व्होल्ट विभवांतर मिळते. लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या मुख्य वीजपुरवठ्यावर असे एकच मापक बसवलेले नाही. दोन स्वतंत्र मापक एकमेकांवर लक्ष ठेवतात. इतिहासकार जसा एकाच बखरीवर विसंबत नाही, तशीच ही व्यवस्था आहे.

धारेचे अंकांत रूपांतर

आता त्या विभवांतराचा अंक करायचा असतो. संगणकाला फक्त ० आणि १ समजतात. या दोन चिन्हांची एक जागा म्हणजे एक बिट. दहा बिटांत १,०२४ पायऱ्या बसतात, सोळा बिटांत ६५,५३६ आणि बावीस बिटांत ४१,९४,३०४. पायऱ्या जितक्या अधिक, तितका लहान फरक दाखवता येतो. लार्ज हॅड्रॉन कोलायडरसाठी सर्नने २२ बिटांचे परिवर्तक तयार केले.

त्यांची कार्यपद्धती एका घरगुती उदाहरणाने समजावून घेता येईल. एका रांजणात नळाची बारीक धार अखंड पडत आहे असे समजा. रांजणावर एक खूण केली आहे. घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला आपण पाणी पाहायचे. ते खुणेच्या वर असेल तर एक तांब्या पाणी काढून टाकायचे आणि वहीत १ लिहायचा. खुणेच्या खाली असेल तर काही काढायचे नाही आणि ० लिहायचा. हजार ठोक्यांनंतर वहीतील १ मोजले की नळातून दर ठोक्याला सरासरी किती पाणी आले, हे कळते. लाख ठोके मोजले तर उत्तर आणखी नेमके होते. परिवर्तकात पाण्याच्या जागी विद्युतप्रभार असतो आणि ठोके सेकंदाला लक्षावधी पडू शकतात.

या उदाहरणात एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. ठोके कितीही मोजले तरी तांब्याचे माप चुकीचे असेल तर उत्तर चुकीचेच येणार. परिवर्तकातील तांब्या म्हणजे त्याचे प्रमाण विभवांतर. ते प्रमाण वेळोवेळी त्याहून विश्वसनीय प्रमाणाशी ताडून पाहावे लागते. ही साखळी मागे नेत गेलो की आपण निसर्गाच्या स्थिरांकांपर्यंत पोहोचतो. १९४८ पासून अँपिअरची व्याख्या दोन समांतर तारांमधील बलावरून केली जात होती. २० मे २०१९ पासून ती इलेक्ट्रॉनच्या प्रभाराच्या निश्चित केलेल्या मूल्यावर उभी आहे.

बारीक माप आणि खरे माप

डिजिटल यंत्राने दशांशचिन्हानंतर सहा अंक दाखवले म्हणजे ते सहाही अंक खरे, अशी आपली समजूत होते. ती तपासून घ्यावी लागते. येथे तीन गुण वेगवेगळे ओळखले पाहिजेत. किती लहान फरक दिसतो, हा पहिला गुण. आपल्या पाठ्यपुस्तकात यालाच यंत्राचे लघुतम माप म्हटले आहे. तीच धारा उद्या मोजली तर तोच आकडा येतो का, ही स्थिरता हा दुसरा गुण. आणि तो आकडा प्रत्यक्षाशी जुळतो का, ही अचूकता हा तिसरा गुण.

पाच मिनिटे पुढे असलेले घड्याळ सेकंदही दाखवते व रोज नेमके तेवढेच पुढे असते. त्याचे लघुतम माप चांगले आहे, स्थिरताही आहे, तरी वेळ चुकीचीच आहे. हा दोष घड्याळाकडे कितीही निरखून पाहिल्याने कळत नाही. दुसऱ्या, स्वतंत्र घड्याळाशी ते ताडून पाहावे लागते. पुढील दोन घटनांचे मर्म येथेच आहे.

चंद्र आणि आगगाडी

लार्ज हॅड्रॉन कोलायडरच्या आधी त्याच बोगद्यात १९८९ ते २००० या काळात लार्ज इलेक्ट्रॉन पॉझिट्रॉन कोलायडर, संक्षेपाने लेप, हे यंत्र चालत असे. त्याच्या चार मोठ्या प्रयोगांपैकी एल-३ या प्रयोगात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचाही सहभाग होता. झेड या मूलकणाचे वस्तुमान अचूक मोजणे हे लेपचे एक प्रमुख उद्दिष्ट होते आणि त्यासाठी कणांची ऊर्जा अत्यंत अचूक ठाऊक असणे आवश्यक होते.

ऊर्जा मोजण्याची एक स्वतंत्र रीत तेथे होती. इलेक्ट्रॉनांच्या स्पिन या गुणधर्मावर आधारलेली ही रीत चुंबकांच्या धारेवर विसंबत नसे. या रीतीने पाहता असे दिसले की चुंबक स्थिर असतानाही कणांची ऊर्जा काही तासांत थोडी बदलते. हा बदल सुमारे ४५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये एक कोटीच्या आसपास, म्हणजे दहा हजारांत दोन भागांएवढा होता. तो दुर्लक्षिता आला असता. परंतु धारेच्या मापनावर भरवसा असल्यामुळे वीजपुरवठ्याकडे बोट दाखवून मोकळे होता येत नव्हते. कारण अन्यत्र शोधणे भाग होते.

ते कारण चंद्र निघाले. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणाने समुद्राला भरती येते, तशी भूपृष्ठालाही किंचित येते. त्यामुळे २७ किलोमीटरच्या वर्तुळाचा परीघ सुमारे एका मिलिमीटरने कमीअधिक होत होता. कणांच्या फेऱ्यांची गती बाहेरून ठरवलेली असल्यामुळे वर्तुळ ताणले की कण नळीच्या मध्यापासून जरासे सरकत आणि इतर चुंबकांचे क्षेत्र त्यांना वेगळ्या प्रमाणात लाभे. लांबीतील नगण्य बदल अशा रीतीने हजारो पटींनी वाढून ऊर्जेत उमटत होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये पौर्णिमेच्या सुमारास सलग मोजणी करून भरतीच्या गणिताशी हा बदल ताडून पाहिला गेला आणि दोन्ही जुळले.

पुढे १९९५ मध्ये चुंबकांतच क्षेत्रमापक बसवले गेले. वीजपुरवठ्याची धारा स्थिर असूनही क्षेत्र दिवसभर थरथरत होते व हळूहळू वाढत होते, असे त्यांत आढळले. मध्यरात्रीनंतर काही तास ही थरथर थांबे आणि पहाटे पुन्हा सुरू होई. त्या वेळी बंद राहणारी आणि पहाटे सुरू होणारी गोष्ट म्हणजे आगगाडी. जिनिव्हाहून फ्रान्सकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील विजेची काही धारा रुळांतून जमिनीत झिरपत होती आणि लेपच्या धातूच्या नळीतून वाट काढत होती. नळीतील ती धारा सुमारे एक अँपिअर एवढीच होती. तिच्या चढउतारांनी चुंबकांतील लोखंडाची स्थिती हळूहळू बदलत होती. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रूळ, नळी व चुंबक या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी केली गेली आणि गाडी सुटण्याची खूण तिन्ही आलेखांत एकाच क्षणी दिसली.

चंद्र व आगगाडी यांचे परिणाम हिशेबात धरल्यामुळेच झेड कणाचे वस्तुमान दहा लाखांत सुमारे २३ भाग इतक्या अनिश्चिततेपर्यंत निश्चित करता आले. लेपच्याच मोजणीतून हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच आहेत, हेही ठरले. विश्वाच्या घडणीविषयीचे एवढे मोठे विधान जुळत नसलेल्या लहानशा फरकाचा माग न सोडणाऱ्या माणसांमुळे शक्य झाले.

नोंदली गेली, पण वाचली गेली नाही

दुसरी घटना लार्ज हॅड्रॉन कोलायडरमधील आहे. १० सप्टेंबर २००८ रोजी त्यात प्रथमच प्रोटॉनांनी पूर्ण फेरी मारली. जगभर आनंद साजरा झाला. नऊ दिवसांनी, १९ सप्टेंबर रोजी एका विभागातील चुंबकांची धारा वाढवण्याची चाचणी सुरू होती. धारा ८,७०० अँपिअरच्या आसपास पोहोचली असता दोन चुंबकांमधील तारेचा एक जोड निकामी झाला. तेथे विद्युत ठिणगी पेटली, हेलिअमची नळी फुटली आणि बाहेर पडणाऱ्या वायूच्या दाबाने अवजड चुंबके जागची हलली. सुमारे ६ टन हेलिअम गेले. ५३ चुंबके दुरुस्ती वा सफाईसाठी जमिनीवर आणावी लागली. बोगद्यात कोणी नसल्यामुळे जीवितहानी झाली नाही. यंत्र पुन्हा सुरू व्हायला नोव्हेंबर २००९ उजाडला.

चौकशीत असे निष्पन्न झाले की त्या जोडाचा रोध सुमारे २२० नॅनो-ओहम, म्हणजे एका ओहमच्या अब्जांश भागाच्या २२० पट असावा. चांगल्या जोडाचा रोध एका नॅनो-ओहमहूनही कमी असतो. दोषी जोडाचा रोधही साध्या मल्टिमीटरला दिसणार नाही इतका लहान. परंतु ओहमच्या नियमाने गणित करा. ८,७०० अँपिअर धारेला त्यावर सुमारे १.९ मिलिव्होल्ट विभवांतर येते. रक्षक यंत्रणा मात्र १ व्होल्टला जागी होईल अशी लावलेली होती. त्यामुळे जोड बिघडत असताना ती शांत राहिली.

याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. अपघाताच्या चार दिवस आधी याच विभागातून ७,००० अँपिअर धारा नेण्यात आली होती. त्या वेळच्या तापमानाच्या नोंदी नंतर पाहिल्या असता त्या ठिकाणी सुमारे १० वॉट अधिक उष्णता निर्माण होत होती, असे दिसले. धारेचा वर्ग गुणिले रोध हे शालेय सूत्र लावले की २२० नॅनो-ओहमला उत्तर १०.८ वॉट येते. साक्ष नोंदवली गेली होती. ती वाचण्याची व्यवस्था तेव्हा नव्हती.

सर्नने या घटनेचा तांत्रिक अहवाल प्रसिद्ध केला व नवी व्यवस्था उभारली. आता जोडांवरील मिलिव्होल्टच्याही अंशांइतके विभवांतर सतत मोजले जाते. पुढे सुमारे दहा हजार जोड तपासून बळकट करण्यात आले. या यंत्रातील अतिवाहक दुरुस्ती-चुंबके आणि संरक्षण यंत्रणेतील इलेक्ट्रॉनिक साधने पुरवण्यात मुंबईचे भाभा अणुसंशोधन केंद्र व इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र यांसारख्या भारतीय संस्थांचाही वाटा आहे.

आपल्या प्रयोगशाळेसाठी

वाचकहो, या कथनाचा आपल्या शाळेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध प्रयोगवहीशी आहे. आपल्याकडे अनेक शाळांत विद्यार्थी ओहमच्या नियमाचा प्रयोग करतो तेव्हा आलेख सरळ रेषेत यायला हवा, हे त्याला आधीच ठाऊक असते. मग न जुळणारी एखादी नोंद तो खोडतो व जुळणारा आकडा लिहितो. गुण मिळतात. परंतु त्या खोडलेल्या नोंदीत काय होते? कदाचित तार तापली असेल, जोड सैल असेल, सेल उतरला असेल किंवा मीटरचा काटा आरंभी शून्यावर नसेल. आगगाडीचा शोध घेणाऱ्यांनी न जुळणारी नोंद खोडली असती, तर त्यांना काय सापडले असते?

विद्यार्थ्यांनी म्हणून चार सवयी लावून घ्याव्यात. मोजणीपूर्वी यंत्राचा शून्य तपासावा. एकच वाचन तीनदा घ्यावे व तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहावेत. शक्य असेल तेथे दुसऱ्या मीटरने पडताळा घ्यावा. आणि जुळत नसलेल्या नोंदीवर खूण करून समासात संभाव्य कारण लिहावे. शिक्षकांनी त्या समासाला गुण द्यावेत. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला डिजिटल मल्टिमीटर भेट दिले तर त्याचे स्वागतच आहे. त्यांसोबत एखाद्या शनिवारी येऊन, दोन मीटर वेगळे आकडे का दाखवतात, हे मुलांना करून दाखवले तर ती भेट अधिक मोलाची ठरेल.

पालकांना एकच विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरात शाळेची पायरी चढणारी ही पहिली वा दुसरीच पिढी आहे. छापील उत्तराशी आपले उत्तर जुळले नाही की चूक आपलीच, असे या मुलांना लवकर वाटू लागते. मूल प्रयोग करून घरी आले की उत्तर बरोबर आले का, एवढेच विचारून थांबू नये. तू ते कसे मोजलेस, हेही विचारावे. जे मूल आपण कसे मोजले हे शांतपणे सांगू शकते, ते उद्या कोणाच्याही आकड्याला, तो सरकारी असो की सावकाराच्या वहीतला, हाच प्रश्न विचारू शकेल.